कागदाला गोल करताना

फुग्यावर पृथ्वीगोल करायला जाऊ नका. शाळेचा प्रकल्प म्हटलं की घरोघरी पहिला हात फुग्याकडेच जातो, आणि तिथेच बिनसतं. फुगा कितीही मन लावून फुगवला तरी तोंडाकडे तो निमुळता राहतो. रात्रीच्या गारव्यात आकसतो, दुपारी फुगतो, आणि वरचा ओला कागद तेवढ्यात कुठेतरी आत बसतो. तयार होते ती दक्षिणेकडे लांबुडकी झालेली पृथ्वी. तिच्यावर नकाशा काही केल्या बसत नाही, म्हणून रात्री अकराला घरातलं कुणीतरी ती सरसकट निळी रंगवून टाकतं आणि अंदाजाने हिरवे ठिपके देतं. गुण मिळतात, नाही असं नाही. पण या कामातली खरी गंमत नकाशा बसत नाही तिथेच आहे, आणि वाकड्या गोळ्यावर ती कळत नाही. दोष फुग्याचा की कागदाचा, हे समजायला गोळा आधी निर्दोष हवा.

खेळण्यांच्या दुकानात किंवा जत्रेत मिळणारा मोठा, कडक प्लास्टिकचा चेंडू साचा म्हणून उत्तम. व्यास तीस सेंटीमीटरच्या जवळपास असला तर पुढची गणितं सोपी जातात. खळ घरचीच: एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरा रंग जाऊन चकाकी आली की उतरवायचं. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. पण मोरचूद विषारी असतं. मुलं हात घालणार असतील तर ते नको, त्यापेक्षा खळ रोज ताजी करावी. पावसाळ्यात हे काम काढूच नये. थर वाळायच्या आत बुरशी धरते.

रद्दीच्या पट्ट्या दोन बोटं रुंदीच्या आणि फाडलेल्या हव्यात, कापलेल्या नकोत. फाडलेल्या कडेचे तंतू पसरतात आणि खालच्या थरात मिसळून जातात. कात्रीची कड मात्र वाळल्यावर रेघ होऊन वर दिसते. पहिला थर नुसत्या पाण्याने लावायचा, खळ न लावता, म्हणजे शेवटी टरफल चेंडूपासून सुटतं. पुढचा थर ध्रुवाकडून ध्रुवाकडे, त्याच्यावरचा विषुववृत्ताला समांतर, असा ताणाबाणा ठेवायचा. आणखी एक सोय आहे. एक थर मराठी वर्तमानपत्राचा घ्यावा, दुसरा इंग्रजी. मराठीच्या थरातून कुठे इंग्रजी अक्षर डोकावलं तर तिथे पट्टी लावायची राहिली आहे. असे दहा थर झाले की दोन-तीन दिवस सावलीत, पातेल्याच्या काठावर टेकवून, अधूनमधून फिरवत वाळवायचं.

मग मन घट्ट करून विषुववृत्तावर कटर फिरवायचा. दोन वाट्या सुटतात, आतला चेंडू बाहेर येतो. मध्ये ध्रुवापासून ध्रुवापर्यंत लाकडी दांडी बसवून वाट्या पुन्हा जोडायच्या आणि सांध्यावर पट्ट्या चढवायच्या. युरोपातले अठराव्या शतकातले गोल बनवणारे कारागीर नेमकं हेच करत होते. आजवर टिकलेल्या पृथ्वीगोलांत सर्वांत जुना मानला जातो तो मार्टिन बेहाइमचा. तो न्यूरेंबर्गमध्ये १४९० ते १४९२ या काळात तयार झाला. त्यासाठी मातीच्या साच्यावर खळीने लिनन कापडाचे थर चढवले, टरफल सोडवलं, त्याला आतून लाकडाचा आधार दिला आणि वरच्या कागदावर गेओर्ग ग्लोकेनडोन या चित्रकाराने नकाशा रंगवला. व्यास साधारण ५१ सेंटीमीटर. कोलंबस निघाला त्याच सुमाराचा हा गोल, त्यामुळे त्याच्यावर अमेरिका नाही. युरोपच्या पश्चिमेला समुद्र, बेटं आणि थेट आशिया. न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात तो आज आहे, पण इतका काळवंडलेला आहे की नावं वाचणं कठीण. मधल्या काळात डागडुजी करणाऱ्यांनी काही नावं चुकीची गिरवून ठेवली ती वेगळीच.

जुन्या कारागिरांची एक युक्ती अजून कामाला येते. वाट्या तात्पुरत्या टेकवून दांडीवर बसवलेला गोळा फिरवून सोडला आणि दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबली, तर ती बाजू जड आहे. ते वाट्या जोडण्याआधी समोरच्या बाजूला आतून शिशाच्या छर्‍यांची छोटी पुरचुंडी चिकटवून तोल साधत. आपल्याला दोन-चार जुनी नाणी पुरतात. हे काम वाट्या जोडायच्या आत करायचं. नंतर आठवून उपयोग नाही.

जोडलेला गोळा दिसायला गोल असतो, हाताला लागत नाही. त्याच्यावर लांबी भरायची. रंगारी भिंतीला भरतात तीच, किंवा चॉक पावडर आणि पांढरा डिंक कालवून केलेली. हार्डबोर्डमधून पंधरा सेंटीमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापून काढायचं. कापलेला खळगा म्हणजे आपला साचा. तो गोळ्याला लावून धरायचा आणि गोळा दांडीवर फिरवायचा. जिथे घासतो तिथे उंचवटा, जिथे फट दिसते तिथे खड्डा. खड्डे भरायचे, उंचवटे पॉलिश पेपरने घोटायचे, पुन्हा फिरवायचं. हे कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय नाही.

आता शिंप्याची टेप घेऊन परीघ मोजायचा, एकदा विषुववृत्तावरून आणि एकदा दोन्ही ध्रुवांवरून. मूळ चेंडूचं माप धरून पुढे जाऊ नये, कारण दहा थर आणि लांबी मिळून दोन मिलिमीटर जाडी सहज वाढते, आणि तेवढ्याने परीघ सव्वा सेंटीमीटरने वाढतो. दोन्ही मापं जुळली पाहिजेत. खरी पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असते हे खरं, पण विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा फक्त ४३ किलोमीटरने जास्त आहे. तीस सेंटीमीटरच्या गोलावर हा फरक एक मिलिमीटर. आपली लांबी तेवढा फरक तशीही खाऊन टाकते.

परीघ ९४.२ सेंटीमीटर भरला, म्हणजे व्यास ३०, असं धरून पुढे जाऊ. आता एक प्रयोग. साधारण एक सेंटीमीटरची टिकली गोळ्यावर लावा. ती सपाट बसते, सुरकुती नाही. मग दहा सेंटीमीटर व्यासाचा गोल कागद कापून चिकटवायला घ्या. मध्य बसतो, पण कडेला चुण्या पडतात, आणि एक चुणी दाबली की शेजारी दुसरी उठते. हिशेब केला तर या कागदाच्या कडेला सुमारे सहा मिलिमीटर लांबी जास्तीची आहे. तिला बसायला गोळ्यावर जागाच नाही. टिकलीच्या बाबतीत हे जास्तीचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकंही भरत नाही.

हीच गोष्ट भास्कराचार्यांनी ११५०मध्ये पुरी केलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात उलट्या बाजूने सांगितली आहे. पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते, या शंकेला त्यांचं उत्तर असं की वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो. पृथ्वी अफाट आणि माणूस चिमुकला, त्यामुळे त्याच्या नजरेत येणारा तुकडा सपाट वाटतो. आपल्या गोळ्याच्या परिघाचा शंभरावा भाग ९.४ मिलिमीटर. म्हणजे टिकली! साडेआठशे वर्षांपूर्वीचं विधान घरात बसून टिकलीच्या पाकिटावर तपासता येतं, हे मला फार आवडतं.

मोठा कागद बसत नाही याचं कारण सिद्ध करून दाखवलं ते जर्मन गणितज्ञ गाउसने, १८२७मध्ये. कागद न ताणता, न फाडता फक्त वाकवला तर त्याची नळी होते, शंकू होतो, पण चेंडूचा पृष्ठभाग कधीच होत नाही. एका दिशेने वाकलेला कागद दुसऱ्या दिशेने वाकायला तयार नसतो. हा नियम हातांच्या कौशल्याने मोडता येत नाही. त्याच्याशी तडजोड करता येते, आणि पृथ्वीगोल बनवण्याचा सगळा इतिहास म्हणजे ती तडजोड.

तडजोड अशी की मोठा कागद नको, चिंचोळे तुकडे घ्यायचे. भास्कराचार्यांनी गोलाचं पृष्ठफळ समजावताना असेच तुकडे केले होते. माती किंवा लाकडाचा गोल घ्यावा आणि आवळ्यावर देठापासून खालपर्यंत रेघा असतात तशा रेघा त्याच्यावर आखाव्यात, असं ते सांगतात. त्यांच्या गणितात अशा ९६ फाकी होतात. एकेका फाकीचं क्षेत्रफळ काढून बेरीज केली की उत्तर येतं: गोलाच्या मधोमध घेतलेल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट. आपल्या गोळ्याला हे लावलं तर २,८२७ चौरस सेंटीमीटर, म्हणजे साडेचार ए-फोर कागद. एवढंच पृष्ठ मढवायचं आहे.

मात्र ९६ फाकी कोण कापणार? छापील गोलांमध्ये बाराचा आकडा रूढ झाला. १५०७मध्ये मार्टिन वाल्डझेम्युलर या नकाशाकाराने साँ-दिए गावी एका छोट्या गोलासाठी बारा पाकळ्यांचा नकाशा छापला. ‘अमेरिका’ हे नाव नकाशावर पहिल्यांदा आलं ते त्याच वर्षीच्या त्याच्या कामात. बारा पाकळ्या म्हणजे प्रत्येकी ३० रेखांश. आपल्या मापात प्रत्येक पाकळी विषुववृत्तावर ७.८५ सेंटीमीटर रुंद आणि टोकापासून टोकापर्यंत ४७.१ सेंटीमीटर लांब.

पाकळीची कड कंपासने काढलेला कंस नसते. नवशिक्यांचा गोंधळ होतो तो इथेच. कुठल्याही अक्षांशावरची रुंदी म्हणजे विषुववृत्तावरची रुंदी गुणिले त्या अक्षांशाचं कोसाइन. मधोमध उभी रेघ मारायची, तिच्यावर मध्यापासून दर ३.९३ सेंटीमीटरला खूण करायची, कारण १५ अंशांचं अंतर तेवढं येतं. मग रुंदी अशी: मध्यावर ७.८५, १५ अंशांवर ७.६, ३० वर ६.८, ४५ वर ५.५५, ६० वर ३.९, ७५ वर २ सेंटीमीटर, ध्रुवावर शून्य. अर्धी रुंदी इकडे, अर्धी तिकडे, खुणा हलक्या हाताने जोडायच्या. एक पाकळी पुठ्ठ्याची कापून ठेवली की बाकीच्या तिच्यावरून गिरवता येतात.

आता या पाकळीची मधली रेघ मोजा आणि सुतळी लावून तिची कड मोजा. मधली रेघ ४७.१ सेंटीमीटर, कड जवळजवळ ४७.९. गोळ्यावर दोन्ही सारख्या लांबीच्या व्हायला हव्यात, कारण दोन्ही ध्रुवापासून ध्रुवापर्यंतच जातात. हे आठ मिलिमीटर म्हणजे गाउसचा नियम, तुमच्या हातात आलेला. सहा पाकळ्या केल्या असत्या तर हा फरक तीन सेंटीमीटरवर गेला असता आणि कुठलाच कागद तो पचवू शकला नसता. चोवीस केल्या तर दोन मिलिमीटरच उरतो. पाकळ्या दुप्पट, तंटा चौथा हिस्सा. पण चोवीस पाकळ्यांना चोवीस सांधे, आणि सांधा म्हणजे पुढे किनारपट्टी तुटण्याची एकेक जागा. बारावर कारागीर थांबले ते उगीच नाही.

उरलेले आठ मिलिमीटर पाण्याने मिटतात. खळ लावून पाच मिनिटं मुरू दिलेला कागद मऊ होतो. मधून बोटाने रेटला तर थोडा ताणतो, कडेला दाबला तर थोडा आकसतो. कापडात ही सोय मुळातच असते, कारण तिरकं ओढलं की ते हलतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात वेस्टटाउन नावाच्या, क्वेकर पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुली रेशमी कापडाचे पृथ्वीगोल शिवत, त्यांच्यावर रेखावृत्तं भरतकामाने काढत आणि भूगोलाबरोबर शिवणही शिकत. त्यांचे काही गोल आजही संग्रहालयांत आहेत. शिवणाचा तास आणि भूगोलाचा तास एकत्र करण्याची ही कल्पना आपल्याकडच्या कुणाला सुचली असती तर बरं झालं असतं.

पाणी तडजोड करतं, पण वसूलही करतं. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात. भिजला की तो तंतूंच्या दिशेने फारसा वाढत नाही. आडव्या दिशेने मात्र एक-दोन टक्के फुगतो. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण ९४ सेंटीमीटरच्या परिघावर तो नऊ मिलिमीटर होतो. अकरा पाकळ्या छान बसतात आणि बारावीला जागा अपुरी पडते. म्हणून तंतूंची दिशा आधी पाहून घ्यायची. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केला की तो गुंडाळला जातो, आणि त्या गुंडाळीची लांबी ज्या दिशेला, त्याच दिशेला तंतू. बाराही पाकळ्यांत दिशा एकच ठेवायची, आणि एक जास्तीची पाकळी भिजवून ती गोळ्यावर किती रुंद होते हे मोजून मग बाकीच्या कापायच्या.

ध्रुवांवरही एक अडचण असते. बारा टोकं एका बिंदूत येतात आणि तिथे लगदा होतो. नकाशाकार गेरार्डुस मर्केटरने १५४१च्या आपल्या गोलासाठी पाकळ्यांची टोकं अलीकडेच छाटली आणि ध्रुवांवर वेगळ्या गोल टोप्या बसवल्या. आपण ८० अंशांवर छाटावं. टोपीची त्रिज्या २.६ सेंटीमीटर येते आणि तिच्या कडेला जेमतेम मिलिमीटरभर कागद जास्त होतो. तो ओल्यात सहज मुरतो.

पाकळ्यांवर नकाशा आधी काढायचा की कोऱ्या चिकटवून मग काढायचा, यावर दोन मतं आहेत. छापणाऱ्यांना आधीच काढणं भाग होतं. हाताने एकच गोल करणाऱ्याने कोऱ्या पाकळ्या चिकटवाव्यात असं माझं ठाम मत आहे. सांध्यावर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की भूमध्य समुद्राचं तोंड बंद होतं. कोऱ्या कागदावर तीच फट लांबीने भरून विसरून जाता येते.

आता रेघा. रेखावृत्त आखायला पट्टी वापरता येत नाही, पण कागदाची बोटभर रुंदीची लांब पट्टी चालते. ती गोळ्यावर सुरकुती न पडू देता ठेवली तर आपोआप सरळ, म्हणजे गोळ्याला बरोबर अर्ध्यात विभागणाऱ्या वर्तुळावर, बसते. एक टोक उत्तर ध्रुवावर, एक दक्षिण ध्रुवावर, कडेने पेन्सिल. हीच पट्टी ४५ अंशांच्या अक्षवृत्तावर बसवायला गेलात तर ती फुगते, सरकते, ऐकत नाही. कारण विषुववृत्त सोडलं तर अक्षवृत्तं गोलावर सरळ रेघा नव्हेतच. ती आखायला पेन्सिल एका उंचीवर घट्ट बांधायची आणि गोळा दांडीवर फिरवायचा. हाच फरक विमानाच्या मार्गात दिसतो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो पश्चिमेला न जाता वायव्येला चढतो, फिनलंड आणि आइसलंडवरून जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून खाली उतरतो. लांबी साडेएकोणतीस सेंटीमीटर. आपल्या प्रमाणात एक सेंटीमीटरला ४२५ किलोमीटर.

पंधरा-पंधरा अंशांची जाळी झाली की ॲटलासमधल्या चौकटी एकेक करून उतरवायच्या. ७५ अंश पूर्व रेखावृत्त महाराष्ट्रातून जातं, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधून, आणि चाळीसगाव जवळजवळ त्याच रेघेवर येतं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. त्या परंपरेत रेखांश मोजायचे ते उज्जैनमधून. उज्जैन ७५.८ अंशांवर, म्हणजे आपल्या गोलावर या रेघेपासून दोन मिलिमीटर पूर्वेला. उज्जैनची रेघ खाली विषुववृत्तापर्यंत नेली की तिथे ज्योतिषांनी मानलेली लंका. आपल्या गोलावर तिथे मालदीवच्या पूर्वेचं नुसतं पाणी आहे.

किनारे काढताना आकारमानांचे धक्के बसतात. अख्खा महाराष्ट्र १.७ चौरस सेंटीमीटर, अंगठ्याच्या नखाएवढा. मुंबई-पुणे तीन मिलिमीटरही नाही. भारत १८ चौरस सेंटीमीटर आणि ग्रीनलंड फक्त १२. भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीला आलेलं असतं. गोलावर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. तो भिंतीवरचा नकाशाही मर्केटरचाच, १५६९चा. गाउसच्या नियमाचा दंड त्याने पाकळ्या फाडून न भरता ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून भरला. खलाशांना दिशा बरोबर मिळाल्या. वर्गातल्या मुलांच्या डोक्यात ग्रीनलंड मात्र कायमचं मोठं राहिलं.

लगद्याने हिमालय उठवण्याचा मोह होतो. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर, आपल्या प्रमाणात ०.२ मिलिमीटर: झेरॉक्सचे दोन कागद. बोटाला जाणवेल असा पाच मिलिमीटरचा हिमालय केला तर तो २१२ किलोमीटर उंच होतो, आणि एक सेंटीमीटरचा केला तर साधारण ४०० किलोमीटरवरून फिरणारं अंतराळ स्थानक त्याला धडकेल. हिमालय रंगानेच दाखवावा.

रंग ॲक्रिलिक घ्यावेत. पोस्टर कलर स्वस्त असतात, पण पाण्यावर आधारलेलं वॉर्निश लावलं की ते पुन्हा विरघळतात आणि राजस्थान अरबी समुद्रात उतरतो. आधी समुद्र: दोन हजार चौरस सेंटीमीटर, सगळ्या पृष्ठाच्या ७१ टक्के. पातळ निळ्याचे तीन हात द्यावेत, एकच दाट हात देऊ नये. ब्रश स्थिर धरून गोळा फिरवला की ब्रशच्या रेघा अक्षवृत्तांना समांतर राहतात आणि डोळ्यांना खुपत नाहीत. किनाऱ्यालगत बारीक ब्रशने गडद निळी कड ओढून ती ओल्या ब्रशने समुद्राकडे पसरवायची. जुने हाताने रंगवलेले नकाशे उठून दिसतात ते या कडेमुळे. देशांना रंग देताना चारच पुरतात, शेजारी शेजारी तोच रंग न येता. कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात हे ॲपेल आणि हाकेन या गणितज्ञांनी १९७६मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं, आणि ते गोलावरही लागू आहे. फक्त अलास्कासारखे तुटून पडलेले तुकडे त्या सिद्धतेत बसत नाहीत, त्यामुळे पाचवा रंग हाताशी असू द्यावा. भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घ्यावी. तिच्याशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी पारदर्शक वॉर्निशचे दोन पातळ हात. संग्रहालयांतल्या गोलांचे समुद्र हिरवट-तपकिरी दिसतात ते रंगवणाऱ्याने तसे रंगवले म्हणून नव्हे. वरचं वॉर्निश पिवळं पडत गेलं, आणि निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं होतं. आजची ॲक्रिलिक वॉर्निशं त्या मानाने कमी पिवळी पडतात.

स्टँड करायचा तर आस साडेतेवीस अंश कलता हवा. कोनमापक नसला तरी चालतं: दहा सेंटीमीटर वर आणि ४.३ सेंटीमीटर बाजूला, या दोन बिंदूंना जोडणारी रेघ म्हणजे तो कोन. पण माझा सल्ला असा की स्टँड जरा थांबू द्यावा. गोल गच्चीत न्यावा आणि चुंबळीवर ठेवावा. आपलं गाव अगदी वर येईल आणि आसाचं उत्तर टोक उत्तर दिशेकडे रोखलेलं राहील असा तो फिरवायचा. पुण्यात हे टोक क्षितिजापासून साडेअठरा अंश वर येतं, म्हणजे पुण्याच्या अक्षांशाइतकं. आता हा गोल अवकाशात खऱ्या पृथ्वीसारखाच रोखलेला आहे, आणि दोघांवर पडणारा सूर्यप्रकाश एकच. गोलाचा जेवढा भाग उजळला तेवढ्याच भागात या क्षणी दिवस आहे.

मेच्या मध्याला पुण्यावर सूर्य डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास पुण्याच्या जागी टाचणी उभी करा, तिची सावली पडणार नाही. लंडनच्या टाचणीची सावली लांब, पश्चिमेकडे. तिथे सकाळ आहे. न्यूयॉर्क पार अंधारात. उत्तर ध्रुवाची टोपी पूर्ण उन्हात, दक्षिणेची पूर्ण सावलीत. आणि उजेड-सावलीची कड ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरून, सिडनीजवळून जाताना दिसेल. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर लगेच फोन करून विचारा, दिवे लावायची वेळ झाली का.